बुजऱ्या पात्राविषयी : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

सप्रेम नमस्कार.

माझ्या गेल्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी लक्षपूर्वक वाचली. ती तिखट आहे, पण मुद्द्याला धरून आहे, म्हणून दोन ओळींत आभार मानून मोकळे होण्यापेक्षा सविस्तर लिहितो. ज्यांनी तो लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर, डन्जन्स अँड ड्रॅगन्ससारख्या, टेबलाभोवती बसून एकेक काल्पनिक पात्र होऊन फाशांच्या आधारे गोष्ट पुढे नेण्याच्या खेळात, चारचौघांत गेले की ज्याची तारांबळ उडते असे एखादे पात्र प्रत्येक खेळाडूने कधीतरी खेळून पाहावे, असे मी सुचवले होते. त्यावर आपण म्हणता की, ज्यांना प्रत्यक्ष आयुष्यात माणसांत मिसळणे जड जाते त्यांची यातून टवाळी होते. असे पात्र घेणारा खेळाडू इतरांचा खेळ नासवतो आणि वर ‘माझे पात्रच तसे आहे’ असे सांगून हात झटकतो. आणि कॅरिज्माचा, म्हणजे माणसांवर छाप पाडण्याच्या पात्राच्या क्षमतेचा, आकडा कमी असला की फासे त्याची किंमत वसूल करतातच, मग वेगळ्या अभिनयाची गरज उरतेच कुठे.

शेवटचा आक्षेप आधी घेतो, कारण तो हिशेबाचा आहे. या खेळाच्या 2014 साली आलेल्या पाचव्या आवृत्तीत पात्राचा कॅरिज्मा 8 असेल तर फाशावर पडलेल्या आकड्यातून 1 वजा होतो. मध्यम अवघड कामाला 15 लागतात, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर 16 किंवा त्याहून अधिक पडायला हवेत. वीसपैकी पाच शक्यता. तेच काम 5 अधिक मिळवणाऱ्या एखाद्या बार्डने, म्हणजे गाण्या-बोलण्यात तरबेज अशा पात्राने, केले, तर त्याला 10 पुरतात आणि शक्यता वीसपैकी अकरा होतात. फरक मोठा आहे, हे मान्य. परंतु काम झाले की फसले, एवढेच फासा सांगतो. देवडीवरच्या पहारेकऱ्याने आत सोडले नाही हे फाशाने ठरवले, तरी पात्र त्याच्याशी नेमके काय बोलून बसले हे कोणाला तरी सांगावेच लागते. खेळाडूने ते सांगितले नाही तर डीएम, म्हणजे खेळ चालवणारा सूत्रधार, सांगतो, आणि डीएमच्या तोंडून ते बहुतेक वेळा फजितीचा विनोद म्हणून बाहेर पडते. आपल्याला ज्या टवाळीची भीती वाटते ती अशा वेळी अधिक होते. स्वतःच्या पात्राची चूक कोणत्या जातीची असावी हे खेळाडूने स्वतः ठरवले तर ती बरीच टळते. शिवाय वीसपैकी पाच वेळा हे पात्र यशस्वीही होते. ते अडखळत, वेड्यावाकड्या वाटेने कसे यशस्वी होते, हे आकड्याला कुठून कळणार?

एका बाबतीत मात्र आपले म्हणणे जुन्या परंपरेला धरून आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 मध्ये हा खेळ प्रथम प्रसिद्ध केला, तेव्हा कॅरिज्माचे काम प्रामुख्याने किती भाडोत्री साथीदार बाळगता येतील आणि ते कितपत निष्ठेने राहतील हे ठरवण्याचे होते. संभाषण रंगवण्याची हौस खेळाडूंनी पुढे वाढवली. ती हौस नको असेल तर न करता खेळणे हा खेळाचा कमीपणा नव्हे.

आता आपल्या मुख्य तक्रारीकडे येतो. इंदुरात रामबागेतल्या एका घरी आमचा गट रविवारी दुपारी जमतो. सध्याच्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे अनेक बैठका चालणाऱ्या गोष्टीत, आमच्यातल्या एकाने जो विझर्ड, म्हणजे जादूगार, घेतला आहे, त्याचे सारे आयुष्य एका मठाच्या ग्रंथशाळेत राजघराण्यांच्या वंशावळी उतरवून काढण्यात गेले आहे. एका सरदाराच्या पंगतीत यजमान आपल्या पणजोबांचा पराक्रम सांगत होता. तेव्हा या खेळाडूने आवाज न बदलता, तृतीयपुरुषी सांगितले, ‘तो ताटाकडे बघत राहतो आणि कोणी विचारलेले नसताना म्हणतो, की हे नाव मी उतरवलेल्या वंशावळीत कुठेच नव्हते.’ टेबलावर एकदम शांतता पसरली. डीएमने त्याला इन्स्पिरेशन दिले. 2014 च्या नियमांत पात्राचा दोष प्रामाणिकपणे खेळल्याबद्दल डीएम हे बक्षीस देऊ शकतो. ते वापरले की दोन फासे टाकून मोठा आकडा घेता येतो आणि हवे तर ते दुसऱ्या खेळाडूलाही देता येते. आमच्या विझर्डने ते त्याच क्षणी बार्डला देऊन टाकले. बार्ड उठला आणि ‘सरकार, आमच्या पंडितांना प्रवासाचा शीण झाला आहे’ अशी सुरुवात करून त्याने यजमानाच्या सुगरण पत्नीचे, वाड्याचे आणि शेवटी घोड्यांचेही गुणगान गायले. तेवढ्यात आमच्या चोराने यजमानाच्या धाकट्या भावाच्या चेहऱ्यावरून नजर हलू दिली नाही. त्या रात्री आम्हाला दिवाणखान्याऐवजी पागेत झोपावे लागले, पण सरदारकीचा दावा बनावट आहे हे त्या भावाच्या चेहऱ्यावरून आम्हाला कळले होते.

या प्रसंगातली माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट पंगतीतल्या कोणालाच दिसली नाही. ते वाक्य उच्चारण्याआधी विझर्डच्या खेळाडूने शेजारी वळून बार्डच्या खेळाडूला हळूच विचारले होते, ‘मी आता इथे माती खाणार आहे, तुला सावरायला आवडेल ना?’ पात्राने कोणाची परवानगी घेतली नाही, खेळाडूने घेतली. आपण ज्या खेळाडूंबद्दल लिहिता ते नेमके हेच उलटे करतात.

असा एक खेळाडू मीही अनुभवला आहे. त्याचा लढवय्या भेटेल त्या दुकानदाराचा, पुजाऱ्याचा, नावाड्याचा पाणउतारा करीत असे आणि उरलेले सगळे अख्खी दुपार माफी मागत फिरत असत. एकेक जण मोबाइल काढून बसू लागला. पण ते पात्र बुजरे नव्हते, तुसडे होते, आणि तुसडेपणात त्याच्या खेळाडूला मजा येत होती. बुजऱ्या माणसाला समोरच्याने आपल्याला बरे म्हणावे असे मनापासून वाटत असते, त्यासाठी तो धडपडतो आणि ती धडपडच फसते. म्हणून असे पात्र कोणी घेऊन आले की, याला समोरच्या माणसाकडून काय हवे आहे, असे मी विचारतो. उत्तर ‘काहीच नाही’ असेल तर ते पात्र बाजूला ठेवावे, मग खेळाडू कितीही जुना असो.

प्रमाणही सांभाळावे लागते. एका सेशनमध्ये, म्हणजे खेळाच्या एका बैठकीत, एखादा मोठा घोळ पुरतो. प्रत्येक दुकानात आणि प्रत्येक नाक्यावर तोच प्रकार झाला तर कोणाचेही डोके उठेल. इतर काही खेळांनी हा व्यवहार नियमांतच बसवला आहे. 1986 पासून चालत आलेल्या गर्प्स या खेळात बुजरेपणा ही एक उणीव मानली जाते. ती स्वीकारली की पात्र घडवताना खर्च करायला जास्तीचे गुण मिळतात आणि पुढे ती नडते. फेट या खेळात पात्राच्या स्वभावामुळे अडचण उभी राहिली आणि खेळाडूने ती पत्करली, तर त्याला पुढे वापरता येणारा एक फेट पॉइंट मिळतो. दोन्हीकडे घोळाची नोंद होते, घोळ फुकट घालता येत नाही. डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये ही शिस्त बरीचशी गटालाच पाळावी लागते, आणि म्हणूनच तिथे तक्रारी अधिक होतात.

टवाळीचा आपला आक्षेप मी सर्वांत गंभीर मानतो. तोतऱ्या आणि बहिऱ्या पात्रांवर हमखास हशा वसूल करण्याची सवय मराठी रंगभूमीने आपल्याला लावली आहे, आणि इंदुरातल्या आम्हा नाटकवेड्यांच्या अंगात तर ती भिनलेली आहे. तीच सवय घेऊन कोणी या टेबलाशी बसला तर आपली भीती खरी ठरेल. म्हणून नक्कल करू नये, असेच मी सांगतो. अडखळत बोलण्याचे सोंग आणू नये, डोळे मिचकावू नयेत, पात्राला कोणत्याही निदानाचे नाव चिकटवू नये. 2014 च्या खेळाडूंसाठीच्या नियमपुस्तकात भूमिका वठवण्याच्या दोन पद्धती दिल्या आहेत : एकीत पात्राच्या तोंडून बोलायचे, दुसरीत पात्र काय करते, काय म्हणते याचे वर्णन करायचे. बुजऱ्या पात्राला बहुधा दुसरी पद्धत अधिक मानवते, कारण वर्णन करणाऱ्याला पात्राच्या मनात काय चालले आहे हेही सांगता येते आणि ऐकणारे हसले तरी त्या पात्राच्या बाजूने हसतात.

अवघडलेपण सरसकट नसावे, हेही लिहायला हवे. आमच्या विझर्डला एकट्या माणसाशी बोलायला काहीच अडचण पडत नाही आणि वंशावळींचा विषय निघाला तर त्याला आवरावे लागते. त्याची पंचाईत होते ती पंगतीत, दरबारात आणि निरोप घेताना. कोणाला किती मान द्यायचा हे मात्र त्याला कुठेच उमगत नाही. तो मोतद्दाराला ‘आपण’ म्हणतो आणि दिवाणाला ‘तू’. तोंड वेडेवाकडे न करता एवढ्या एका चुकीतून सारे पात्र उभे राहते, आणि आमच्या टेबलावर मराठीबरोबर हिंदीही चालत असल्यामुळे ते अधिकच खुलते. हिंदीतल्या ‘तुम’चे नेमके काय करायचे हा पेच इंदुरातल्या मराठी माणसाला खेळाबाहेरही सुटलेला नसतो.

आपण असेही लिहिता की प्रत्यक्षात बुजरे असलेले लोक या खेळात त्या ओझ्यापासून सुटका शोधायला येतात. पुष्कळांच्या बाबतीत ते खरे आहे. असा खेळाडू स्वतःसाठी बहुधा गोडबोल्या बार्डच निवडतो. त्याला ‘मग बोलून दाखव’ असे फर्मावणाऱ्या डीएमला माझा ठाम विरोध आहे. पात्र कशाविषयी बोलते, काय देऊ करते आणि काय लपवते, एवढे त्याने सांगितले की फासा टाकू द्यावा. पण काहींना याच्या उलट, आपल्यासारखाच अडखळणारा माणूस गोष्टीत कामाला येताना पाहायचे असते. कोणाला काय हवे आहे हे बाहेरून ओळखता येत नाही, म्हणून पहिल्या सेशनच्या आधीच्या बैठकीत ते सर्वांना विचारावे, आणि तिथे एकाने जरी नको म्हटले तरी, कारणाची चौकशी न करता, ते पात्र त्या कॅम्पेनपुरते मागे घ्यावे.

एका गटात अशी दोन पात्रे असावीत का, हेही आपण जाता जाता विचारले आहे. चार-पाच जणांच्या गटात माझ्या मते असू नयेत, कारण सावरणारे कमी पडतात आणि डीएमला प्रत्येक संभाषणात दोनदा थांबावे लागते. एक पात्र गर्दीत गप्प होणारे आणि दुसरे एकांतात गोंधळणारे असेल, आणि दोन्ही खेळाडू एकमेकांना ओळखून असतील, तर हरकत नाही. मात्र अशा वेळी त्या दोघांपैकी कोणत्या प्रसंगात कोण पुढे होणार हे त्यांनी आधीच बोलून ठेवावे.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.