शंभर पॉइंट दोन

आमच्या घरात ताप १०२च्या पुढे गेला तरच त्याला मान मिळतो. त्याखाली असेल तर 'अंग जरा कोमट आहे' एवढंच म्हणतात. ही मर्यादा बायकोने घालून दिली आहे आणि तो अधिकार तिचाच आहे. दोन वर्षांपूर्वी गौरीजेवणाच्या दिवशी तिला १०२ होता, आणि तरी तिने पुरण वाटलं होतं. त्यामुळे परवा शनिवारी सकाळी थर्मामीटरने १००.२ दाखवल्यावर मी त्याला झटकून, पुसून पुन्हा काखेत धरलं. आकडा हलला नाही. निदान पॉइंट दोन तरी आहे, अशी मनाची समजूत घातली.

बायको आठवडाभरासाठी ऑफिसच्या कामाने नागपूरला. तिला फोन केला असता तर तिने 'किती?' एवढंच विचारलं असतं. म्हणून केला नाही. एक साडेसहाशेची गोळी घेतली आणि मुलांना बूट घालायला लागलो. धाकटा अडीच वर्षांचा आहे. तो डाव्या पायातला बूट उजव्यात घालतो, आणि दुरुस्त केला की रस्त्यावर आडवा पडतो. उलट्या बुटांनीच निघालो.

कामं दोनच होती. पहिलं थोरलीच्या आधारचं. पाच वर्षांखालच्या मुलांचं आधार निळं असतं. त्यात फोटो असतो, बोटांचे ठसे नसतात. पाच पूर्ण झाली की दहा बोटं आणि दोन्ही डोळे सरकारला दाखवून यावे लागतात. शाळेने दोनदा आठवण केली होती आणि वेळ बायकोने जाण्यापूर्वीच घेऊन ठेवली होती. दुसरं काम दळणाचं. गिरणी आमच्या बिल्डिंगच्या खालीच आहे, पण आईचा तिच्यावर विश्वास नाही. आई सध्या पुण्याला ताईकडे असते, तरी आमचं पीठ तीच चालवते. फोनवर म्हणाली, "स्टेशनजवळच्याच गिरणीत टाक. आणि सांग हो, गव्हावर गहू. बाजरीवर टाकलं तर पोळ्या काळ्या होतात." मी म्हटलं, "आई, मला ताप आहे." "किती?" "शंभर पॉइंट दोन." "मग डबा घट्ट लाव, रिक्षात सांडेल."

असा मी पाच किलो गव्हाचा स्टीलचा डबा, एक थोरली, एक धाकटा आणि अंगात कणकण घेऊन शेअर रिक्षाच्या रांगेत उभा राहिलो. डोंबिवलीत सकाळच्या रांगेत डोळे मिटून उभं राहिलं तरी माणूस आपोआप पुढे सरकतो. रिक्षावाल्याने मान वळवून विचारलं, "किती?"

"शंभर पॉइंट दोन."

"सीट, सीट किती?"

गिरणीत डबा ठेवला, आईचा निरोप सांगितला. काकांनी न बोलता डब्यावर खडूने खूण केली. पुढे पूल ओलांडून पश्चिमेला जायचं होतं. तो पूल मोठ्या माणसाला पाच मिनिटांचा आहे. धाकट्याला तो किती मिनिटांचा आहे हे मध्य रेल्वेच्या वेळापत्रकावर अवलंबून असतं. एक कसारा गेली, एक अंबरनाथ गेली, मग न थांबणारी एक मेल धडधडत गेली आणि तो आनंदाने थरथरला. मीही थरथरत होतो, पण ती वेगळी बाब.

केंद्रात आमच्यापुढे पंधरा-सोळा माणसं. बाकावर एक आजी होत्या, डोंबिवलीच्या रांगेत अशा एक आजी असतातच. त्यांनी थोरलीला जवळ ओढलं. "आई नाही आली गं?"

"आई गेली," थोरली म्हणाली.

"कुठे?"

"नागपूरला. सोमवारी. बॅग भरून. बाबा सकाळपासून रडतायत."

सर्दीने माझे डोळे खरोखरच वाहत होते. मी रुमाल बाहेर काढला आणि तिथेच माझी केस पक्की झाली. आजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मला स्वतःचीच कीव आली. बाकावरचे दोघं उठले. कोणीतरी धाकट्याला राजगिऱ्याचा लाडू दिला, त्याने तो अर्धा बहिणीला भरवला. "या पोरांना आधी जाऊ द्या हो," आजींनी फर्मान सोडलं, आणि अख्खी रांग बाजूला झाली. खुलासा करायला हवा होता, हे मला मान्य आहे. पण बसायला मिळालं होतं आणि पंखा बरोब्बर माझ्यावर होता. १००.२ला इतकी वर्षं जे मिळालं नव्हतं, ते परित्यक्त नवऱ्याला दोन मिनिटांत मिळालं.

तेवढ्यात फोन वाजला. "आईचा फोन!" थोरली ओरडली. मी उचलला तशा आजी माझ्या खांद्यावरून मोठ्याने म्हणाल्या, "झालं गेलं विसर म्हणावं, ये परत!"

"कोण बोललं ते?" बायकोने विचारलं.

"रांगेतल्या आजी."

"काय झालं गेलं?"

"मी नंतर सांगतो," म्हणून मी फोन ठेवला. आजींना हेही फार करुण वाटलं असावं.

आत खुर्चीवर थोरलीला बसवलं. मशीनवर आधी डाव्या हाताची चार बोटं ठेवायची, मग उजव्याची चार, शेवटी दोन्ही अंगठे. मशीन काही घेईना. तिथल्या मुलाने काच पुसली, तिची बोटं पुसली, पुन्हा काच पुसली. राजगिऱ्याचा लाडू एकदा बोटाला लागला की गूळ सहज सुटत नाही. शेवटी वॉटरबॅगच्या पाण्याने हात धुतले. मग डोळे. "बाळा, डोळे मोठ्ठे कर," म्हटलं की ती ते घट्ट मिटायची. "असे बघ, असे," म्हणत मी डोळे फाडून दाखवले. तो मुलगा तिच्याऐवजी माझ्याच डोळ्यांकडे पाहत राहिला.

"सर, तुम्हाला बरं नाहीये का?"

दिवसभरात हे विचारणारा तो पहिला माणूस. माझा गळा दाटून आला. "ताप आहे थोडा."

"किती?"

मी सांगितलं. तो "हां, मग ठीक आहे," म्हणाला आणि स्क्रीनकडे वळला. एवढ्यात धाकट्याने मांडीवरून वाकून काचेवर चार बोटं दाबली. हिरवी खूण आली. सगळ्या सकाळीतला तो सर्वांत स्वच्छ ठसा होता आणि तो खोडावा लागला.

परत गिरणीत आलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. डबा होता तिथेच, गहू होते तसेच. "आईंचा निरोप होता ना," काका म्हणाले, "मध्ये बाजरी आली. आता गहू लागलाय, पुढचा तुमचाच." त्यांनी एक स्टूल माझ्याकडे सरकवलं. काही विचारलं नाही. गिरणी चालू असताना तसंही काही ऐकू येत नाही. काका पिठाने नखशिखान्त पांढरे, धाकटा त्यांच्याकडे तोंड उघडं टाकून बघतोय, थोरली भिंतीवर पिठात नाव लिहितेय. मी त्या घरघराटात स्टुलावर बसल्या बसल्या डुलकी काढली.

परतीच्या रिक्षात कोपऱ्याची जागा मिळाली. पोरं दोन्ही बाजूंनी कलंडून झोपली. मला हुडहुडी भरली होती आणि मांडीवर डबा होता. ताजं दळलेलं पीठ किती गरम असतं, हे मला या वयात कळलं. हळूहळू मी दोन्ही हात त्याला लपेटले, मग छाती टेकवली, मग झाकणावर गाल ठेवला.

"आलं तुमचं," रिक्षावाला म्हणाला.

मी गाल न उचलता म्हटलं, "पुढे जाऊ द्या. शेवटच्या स्टॉपपर्यंत."

"तिथून परत यावं लागेल साहेब. डबल भाडं पडेल."

"पडू दे."