सुरक्षा शिकवा, पण कुणाला कळू देऊ नका

संगणक सुरक्षेवर व्हिडिओ करायचं तुमच्या मनात आलंय, हे ऐकून आनंद झाला. मनात आलंय तेवढ्यावरच थांबता आलं तर उत्तम. थांबवत नसेल, तर पुढचं नीट वाचा. या धंद्यात नुसती माहिती असून भागत नाही, ती नसल्यासारखं बोलताही यावं लागतं.

सगळ्यात आधी शब्द सांभाळा. 'हॅकिंग' शीर्षकात नको, थंबनेलवर नको आणि तोंडात तर नकोच. 'एक्स्प्लॉइट', 'बायपास', 'पेलोड' हे शब्द जिथे जिथे येतील तिथे 'ती गोष्ट' म्हणा. 'त्या गोष्टीने ती गोष्ट केली की ती गोष्ट होते.' सुरुवातीला प्रेक्षकांना काही समजणार नाही. नंतरही समजणार नाही, पण तोवर त्यांना सवय झालेली असेल. साधनांचंही तेच. नेटवर्क तपासणारं एनमॅप १९९७ पासून सगळ्यांना खुलं आहे आणि नेटवर्क सांभाळणारी माणसं ते रोज वापरतात, म्हणून तुम्ही त्याचं नाव घ्यायलाच हवं असं थोडंच आहे! काळी हुडी घातलेला, चेहरा नसलेला माणूस आणि त्याच्यामागे पावसासारखी पडणारी हिरवी अक्षरं, हे चित्र मात्र बिनदिक्कत वापरा. त्यातून आजवर कुणी काही शिकलेलं नाही, त्यामुळे ते निर्धोक आहे.

मग नियम वाचा. यूट्यूबच्या नियमावलीत २०१९ साली एक ओळ होती. सुरक्षित संगणक यंत्रणा ओलांडायच्या कशा, लोकांचे पासवर्ड आणि खासगी माहिती चोरायची कशी, हे शिकवणारे व्हिडिओ चालणार नाहीत. वाचून तुम्हीही मान डोलवाल. चोरी शिकवू नये याला कोण नाही म्हणेल? अडचण एवढीच की दार कुठून फुटतं हे सांगितल्याशिवाय दार मजबूत करायला शिकवता येत नाही, आणि पहारेकरी काय, चोर काय, दोघेही दिवसभर कुलपाबद्दलच बोलत असतात. ऐकणारं यंत्र असेल तर त्याला दोघांचा आवाज सारखाच लागतो. शैक्षणिक व्हिडिओंना सूट आहे, असंही तिथेच लिहिलंय. ती सूट आपल्याला लागू होते की नाही, हे व्हिडिओ उडाल्यावर कळतं.

२०१९ साली 'नल बाइट' या चॅनेलला ते कळलं. वाय-फायवरून फटाके कसे उडवायचे, असा एक गमतीचा व्हिडिओ त्यांनी अमेरिकेच्या ४ जुलैसाठी केला होता. चढवायला गेले तर चॅनेलवर आधीच स्ट्राइक, म्हणजे नियम मोडल्याचा ठपका, बसलेला, कारण तुम्ही हॅकिंग शिकवता. फटाके राहिले हातात. सुरक्षा क्षेत्रातल्या लोकांनी आरडाओरडा केला, तेव्हा यूट्यूबने चूक झाली म्हणून सांगितलं आणि काढलेलं परत ठेवलं. यातून तुम्ही घ्यायचा धडा सोपा आहे. चूक सुधारली जाते, फक्त त्यासाठी आधी जगभरातले नामांकित लोक तुमच्या बाजूने ओरडले पाहिजेत. व्हिडिओ टाकण्यापूर्वी अशा चार-सहाजणांशी ओळख करून ठेवा. कॅमेरा आणि माइक नंतर घेतला तरी चालेल.

आता प्रत्यक्ष धडा कसा रचायचा ते बघू. समजा, लॉगिनच्या चौकटीतली ती जुनी, घासून गुळगुळीत झालेली चूक तुम्हाला दाखवायची आहे. १९९८ पासून तिच्यावर उघडपणे लिहिलं जातंय. तुम्ही स्वतःच्या लॅपटॉपवर एक खोटी साइट उभी करता. नावाच्या चौकटीत नाव टाइप करता, त्याच्या शेवटी एक एकेरी अवतरणचिन्ह देता आणि एंटर दाबता. नीट बांधलेली साइट असती तर 'नाव किंवा पासवर्ड चुकला' एवढं म्हणून गप्प बसली असती. ही कच्ची आहे. ती पानभर एरर ओकते, कारण त्या एका चिन्हाने डेटाबेसला दिलेलं वाक्य मध्येच तुटलं. माणसाने लिहिलेलं नाव कुठे संपलं आणि प्रोग्रामरने लिहिलेला हुकूम कुठे सुरू झाला, हे बिचाऱ्या डेटाबेसला कळेना. म्हणजे नावाच्या चौकटीतून त्याला हुकूमही सोडता येईल. हे पाहताना नवशिक्या प्रोग्रामरचा चेहरा उतरतो. अगदी असाच कोड त्याने परवा लिहून पुढे पाठवलेला असतो. व्हिडिओ थांबवून तो घाईघाईने ती फाइल उघडतो.

हे असं होतं, म्हणूनच हा भाग कापा. त्या जागी पडदा धूसर करा, चिन्ह टाइप होताना बीप वाजवा. ते चिन्ह सगळ्यांच्याच कळफलकावर आहे, पण आपल्या हातून कुणाला दिसलं नाही याचं समाधान काही औरच. मग थेट उपायाकडे या. नाव आणि हुकूम डेटाबेसला वेगवेगळे पाठवावेत, एका ओळीत शिवू नयेत. कुणी विचारेल, का बुवा? शिवले तर काय होतं? हसा आणि पुढच्या विषयाला जा. रोग दाखवायला बंदी असली तरी औषधाला कुणी ना म्हणालेलं नाही. रोगच न पाहिलेला माणूस औषध घ्यायचं विसरतो, हा त्याचा दोष.

एवढं करूनही मेल येईलच. पहिल्या खेपेला समज मिळते. पुढच्या खेपेपासून स्ट्राइक सुरू होतात. पहिला बसला की आठवडाभर काही चढवता येत नाही आणि ९० दिवसांत तीन झाले की चॅनेल गेलं. कितव्या मिनिटाला काय चुकलं, हे समजेल अशी आशा धरू नका. स्पष्ट सांगितलं तर तुम्ही दुरुस्त कराल आणि मग नियमाला काम काय उरेल? अपील जरूर करा. चाळीस मिनिटांच्या व्हिडिओवरचा निकाल चार मिनिटांत हातात पडला, तर 'पाहिला तरी का?' असं म्हणू नका. पाहणारा फार हुशार असेल.

आता ९० दिवसांची गोष्ट निघालीच आहे, तर एक गंमत सांगतो. यूट्यूब २००६ पासून गूगलचं आहे. त्याच गूगलने २०१४ साली 'प्रोजेक्ट झीरो' नावाचं एक पथक जाहीर केलं. जगभरातल्या सॉफ्टवेअरमधली भोकं शोधायची, बनवणाऱ्याला कळवायची, ९० दिवस वाट बघायची आणि तोवर दुरुस्ती झाली नाही तर सगळा तपशील जगापुढे मांडायचा, हे त्यांचं काम. आणि ते उत्तम करतात, यात उपरोध नाही. असा धाक नसता तर कित्येक कंपन्यांनी आपल्या चुका वर्षानुवर्षं उशीखाली घेऊन झोप काढली असती. म्हणजे एकाच घरात वरच्या मजल्यावर ९० दिवस ही न सांगणाऱ्याला दिलेली मुदत आहे आणि खालच्या मजल्यावर ९० दिवस ही सांगणाऱ्याला दिलेली शिक्षा. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण तुमच्या ओठांवर येईल. गिळून टाका. व्हिडिओत बोललात तर द्वेषपूर्ण भाषेच्या रकान्यात जाल.

असल्या वादात कुणीतरी कुलपांचा इतिहास काढतं. तुम्ही काढू नका, गैरसोयीचा आहे. लंडनमध्ये ब्रामा नावाच्या कुलूपवाल्यांनी आपल्या दुकानाच्या काचेत एक कुलूप ठेवलं होतं. उघडून दाखवेल त्याला २०० गिनी बक्षीस. कित्येक वर्षं ते कुणाला उघडलं नाही. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी आल्फ्रेड हॉब्ज नावाचा एक अमेरिकन कुलूपवाला आला. चब कंपनीचं अजिंक्य म्हणून गाजलेलं कुलूप त्याने २५ मिनिटांत उघडलं. मग ब्रामाच्या कुलपाशी बसला. १६ दिवसांत मिळून ५१ तास घेतले, पण उघडलंच. गदारोळ झाला. तक्रार कुलपाबद्दल कमी आणि हॉब्जबद्दल जास्त होती. असलं काही चारचौघांत दाखवायचं का? चोरांना आयतं शिक्षण! हॉब्जचं म्हणणं साधं होतं. चोर आपल्या धंद्यात तरबेज असतात, आपण शिकवणार त्याहून जास्त त्यांना आधीच येतं. अंधारात राहतो तो कुलूप विकत घेणारा. नशीब, तेव्हा व्हिडिओ नव्हते. नाहीतर ५१ तासांचा एकच व्हिडिओ, आणि तोही उडाला असता.

त्यापेक्षा झाकली मूठ सव्वा लाखाची हे तत्त्व धरा. ते किती पक्कं आहे याचा पुरावा २०१७ मध्ये मिळाला. विंडोजमधलं एक भोक अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेला ठाऊक होतं. त्यांनी त्यावर हत्यार बनवलं आणि मूठ झाकून ठेवली. मूठ फुटली. मायक्रोसॉफ्टने मार्चमध्ये दुरुस्ती काढली, एप्रिलमध्ये हत्यार उघड्यावर पडलं आणि मे महिन्यात 'वॉनाक्राय' हा संगणक कुलूपबंद करून खंडणी मागणारा किडा जगभर पसरला. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांत संगणक कुलूपबंद झाले, ठरलेल्या तपासण्या आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. तो पसरवणाऱ्यांनी ट्युटोरियल पाहिलं नव्हतं. दुरुस्ती येऊन दोन महिने झाले तरी ती न बसवणाऱ्या हजारो कार्यालयांनीही पाहिलं नव्हतं, पण तो वेगळा मुद्दा आहे आणि आपल्याला वेगळे मुद्दे नकोत.

एवढं वाचून तुमचा धीर खचला असेल, तर एक खात्रीचा मार्ग सांगतो. खोटं शिकवा. 'कुणाचंही अकाउंट दोन मिनिटांत उघडा', 'महागडं सॉफ्टवेअर फुकट' असे व्हिडिओ करा. पार्श्वसंगीत जोरात, माऊस इकडून तिकडे, आणि खाली वर्णनात एक लिंक. त्या लिंकवरून उतरणाऱ्या फाइलमध्ये पासवर्ड गोळा करून पाठवणारा किडा असतो. अशा व्हिडिओंना बंदी नाही असं नाही, बंदी कडक आहे. पण एक काढला की त्याच्या जागी दुसरा उगवतो, कारण बनवायला दहा मिनिटं लागतात आणि चॅनेलही दुसऱ्याचं, चोरलेलंच असतं. तुमचा व्हिडिओ बनवायला तीन आठवडे गेले होते आणि चॅनेल तुमचं एकच आहे. दोघांना नियम सारखाच, दंड मात्र ज्याच्यापाशी गमावण्यासारखं काही आहे त्यालाच बसतो.

चॅनेल चोरायची रीत तर तुम्हाला ठाऊक असायलाच हवी, म्हणजे कुठे गप्प बसायचं ते कळेल. २०२३ च्या मार्चमध्ये 'लायनस टेक टिप्स' हे दीड कोटीहून जास्त सदस्यांचं चॅनेल रातोरात टेस्लाचं नाव लावून क्रिप्टोच्या भूलथापा थेट प्रक्षेपित करू लागलं. पासवर्ड कुणी फोडला नव्हता. दोन टप्प्यांचं लॉगिनही जागेवर होतं. कामाच्या प्रस्तावाची वाटावी अशी एक फाइल तिथल्या कुणीतरी उघडली आणि तिने ब्राउझरमधली लॉगिनची खूण उचलून नेली. एकदा आत सोडलेल्या माणसाच्या हातावरचा शिक्का दुसऱ्याने आपल्या हातावर उमटवून घ्यावा, तसं. दाराशी पासवर्ड विचारतंच कोण? ही चोरी हाताने करून दाखवली तर दहा मिनिटांत समजते आणि बघणारा पुढे आयुष्यभर अशी फाइल उघडताना थबकतो. पण ती करून दाखवणं म्हणजे माहिती चोरायची रीत शिकवणं. तेव्हा तुम्ही फक्त 'अनोळखी फाइल उघडू नका' म्हणा. हे वाक्य लोक इतक्या वेळा ऐकून आहेत की ऐकता ऐकताच फाइल उघडतात.

आणि हो, २०२१ मध्ये जिम ब्राउनिंग या नावाने फसवणूक करणाऱ्यांचा माग काढणारे यूट्यूबर स्वतःच फसले. यूट्यूबच्या मदतनीसाचं सोंग घेऊन कुणीतरी त्यांच्याशी बोललं आणि त्यांनी आपल्या हाताने आपलं चॅनेल मिटवलं. पुढे ते परत मिळालं. पण ज्याचा हा रोजचा उद्योग, तोच गंडला. तुमचं-माझं काय घेऊन बसलात!

म्हणून शेवटचं एक सांगतो. आज ना उद्या तुम्हाला मेल येईल. वर प्लॅटफॉर्मचा लोगो, खाली लाल अक्षरांत 'आपल्या चॅनेलवर स्ट्राइक नोंदवण्यात आला आहे', आणि त्याखाली ठसठशीत बटण, 'अपील करण्यासाठी येथे क्लिक करा'. हा मेल खरा असू शकतो, कारण तुम्ही सुरक्षा शिकवता. खोटाही असू शकतो, कारण हुबेहूब असेच मेल पाठवून चॅनेलं पळवतात. बटणावर माऊस नेऊन, न दाबता, खाली उमटणाऱ्या पत्त्यातलं नेमकं कोणतं अक्षर बघायचं, हे एका बाईंनी फार छान करून दाखवलं होतं. खोटा मेल आणि खरा मेल शेजारीशेजारी ठेवून. लिंक देतो, थांबा.

ती उघडत नाहीये. 'हा व्हिडिओ नियमांचं उल्लंघन केल्यामुळे काढून टाकण्यात आला आहे.'