अधिक महिन्याचा फोटो

काल फोटोच्या दुकानात एका अनोळखी काकांनी माझं अख्खं 2025 साल नापास केलं.

मी गेलो होतो बाबांसाठी टेबलावरचं कॅलेंडर छापून घ्यायला. सरत्या वर्षातले फोटो, दर महिन्याला एक. काका आले होते पासपोर्ट साइज फोटोंसाठी. ते छापून होईपर्यंत त्यांना काही उद्योग नव्हता आणि दुकानदाराने माझे फोटो उघडले ते नेमके भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर.

"ही चादर कसली?" काकांनी सुरुवात केली.

"चादर नाही. लोहगड आहे. जुलैचा."

"गड कुठंय?"

"धुक्यात आहे."

खरं तर तो विंचूकाटा आहे, लोहगडाची लांब सोंड. जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. 11 आपले आणि तमिळनाडूतली जिंजी. त्यात लोहगड आला आणि लगेच अर्धं पुणे वारसा बघायला मळवलीला उतरलं. पायऱ्यांवर रेशनच्या दुकानासारखी रांग. वर पोचेपर्यंत मी वारसा म्हणून पाहिला तो पुढच्या माणसाचा गुलाबी रेनकोट.

"कागद वाया जाईल, साहेब," दुकानदार म्हणाला.

"शाई तरी वाचेल," काका म्हणाले.

पुढचा फोटो आला. "हे कितव्या नंबरचं लेणं?"

"हे गेट आहे."

अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी, हे आमच्या दाजींना माहीत नव्हतं. सहलीचा आराखडा त्यांचा. "मंगळवारी गर्दी नसते," असं ते गाडीत सांगत होते, आणि ते शब्दशः खरं निघालं. एका अखंड कातळातून वरून खाली कोरत आणलेलं कैलास लेणं तिथून हाकेच्या अंतरावर होतं. आम्ही बंद गेटासमोर ओळीने उभे राहून हसलो. मग घृष्णेश्वर. तिथे मोबाइल आत नेता येत नाही आणि गाभाऱ्यात पुरुषांना उघड्या अंगाने जावं लागतं. दाजींचं पोट पाहता पहिला नियम हा देवाने स्वतः केला असावा.

दुसऱ्या दिवशी अजिंठा. फर्दापूरला गाडी लावा, पुढे बसने जा, इथवर सगळं शिस्तीत. पहिल्या लेण्यात पद्मपाणी पंधराशे वर्षं मान झुकवून उभा आहे. मी त्याच्यापुढे दोन मिनिटं उभा राहावं म्हटलं, तर मध्ये एक गृहस्थ व्हिडिओ कॉल लावून ओरडतायत, "दिसतंय का? दिसतंय का?" पलीकडून "नाही" येत होतं. शेवटी त्यांनी मोबाइलचा टॉर्च लावला. रखवालदार म्हणाला, "साहेब, लाइट बंद." साहेब म्हणाले, "फ्लॅश नाहीये, टॉर्च आहे." हे आठवलं की अजून माझं डोकं सटकतं. तिकीट काढून आत आलेला माणूस स्वतःच्या डोळ्यांनी बघायला इतका का घाबरतो?

"हे गॉगलवाले कोण?" काका. "चार महिने झाले, हेच दिसतायत."

"माझ्या बहिणीचे यजमान."

"रुबाबदार आहेत."

मी बोललो नाही. दाजी कुठल्याही फोटोत मध्यभागी येतात आणि काढणारा कायम मी.

डिसेंबरला पुण्याच्या सवाई गंधर्व संगीत महोत्सवाचा फोटो लावला होता. काका खुलले. मंडप रमणबागेत पडायचा, रात्रभर बैठक चालायची, पहाटे चहा पिऊन परत आत, हे सगळं त्यांनी दुकानदाराला सांगितलं. दुकानदार पंचविशीचा, तो ब्राइटनेस वाढवत होता. "आता दहा वाजले की घड्याळ बघायचं," काका म्हणाले, "रात्रीचे राग ऐकायचे कधी, दुपारी?" एवढं एकच वाक्य मला पटलं. मग ते स्क्रीनजवळ गेले. "यात गातंय कोण?" पुढच्या ओळीतल्या उंच धरलेल्या मोबाइलांच्या मधून, मुकुंदनगरच्या त्या अवाढव्य मंडपाच्या टोकाला जो पांढरा ठिपका दिसत होता, तो मी दाखवला.

"आणि जानेवारीतला हा अर्धा माणूस? कापा त्याला."

"तो मी आहे."

बाबांचं सहस्रचंद्रदर्शन. ताई औक्षण करतेय, मध्ये दाजी, आणि कडेला समईत तेल घालणारा माझा खांदा आणि एक कान. काकांनी एकदा कानाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "असू दे मग," ते म्हणाले.

फोटो संपले तसे ते कॅलेंडरवर घसरले. यात संकष्टी कुठे आहे? दुधाचा खाडा कुठे लिहायचा? मागे पाककृती नाहीत? मी म्हटलं, हे आठवणींचं कॅलेंडर आहे. "वडील आठवणींनी उपास सोडणार का?" दुकानदार हसला. पैसे मी देणार होतो, पण हसला.

"आणि पानं बाराच कशी?" काकांनी बोट उचललं. "2026 ला अधिक ज्येष्ठ आहे. मे-जूनमध्ये. तेरा महिने होतात."

"इंग्रजी महिने बाराच असतात, काका."

"वडील इंग्रज आहेत का?"

दुकानदाराने तोवर तेरावं पान उघडलंसुद्धा. आता तिथे फोटो कोणाचा? अधिकात वाण जावयाला, तेहतीस अनारसे जावयाला. म्हणजे फोटोही जावयाचाच, असा निर्णय काकांनी दिला. दाजी मोठे होऊन स्क्रीनवर आले. गॉगलसकट.

"तेराव्या पानाचे वेगळे पडतील," दुकानदार म्हणाला. "आणि मिळेल संक्रांतीनंतर. पंधरा तारखेला या."

"अहो, अर्धा जानेवारी संपेल!"

"मग जानेवारीचं पान काढून टाकू? त्याचे पैसे तेराव्यात वळते करतो."

"काढा," काका म्हणाले.