साधा फोन विसरू नका

चर्चच्या कामावरच्या एका लेखात म्हटलंय की पाळकांच्या (चर्चच्या धर्मगुरूंच्या) गृहभेटी बंद झाल्या तर मंडळींनी, म्हणजे स्थानिक चर्चनी, सरळ व्हिडिओ उपासनेकडे वळावं. अर्धंच पटलं. २०२० च्या टाळेबंदीत १० एप्रिलचा उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) आणि १२ चा ईस्टर, दोन्ही घरातच गेले. आमच्या नगरकडच्या मंडळीत तरुणांनी यूट्यूब धरलं, पण बटणाच्या फोनवाल्या म्हाताऱ्यांचं काय? मग पाळकांनी रोज संध्याकाळी पाच-सहा घरं एकाच कॉलवर जोडायला सुरुवात केली. बायबलमधला एक शास्त्रपाठ, एक प्रार्थना, दहा मिनिटांत आटपायचं. गाणं मात्र जमलं नाही. प्रत्येकाचा आवाज मागेपुढे, नुसता गोंधळ! शेवटी एकानेच गायचं ठरलं.

मंडळीबाहेरच्या लोकांपर्यंत पोचण्याचं म्हणाल, तर आधी 'किराणा, औषधं आहेत का?' एवढंच विचारायचो. प्रार्थना करू का, हे नंतर, आणि तेही समोरच्याला हवं असेल तरच. व्हॉट्सअ‍ॅपवर बायबलच्या वचनांचा मारा करणाऱ्यांना लोक गुपचूप म्यूट करतात, हे लेखकाने लिहायला हवं होतं. येशूचा प्रेषित पौल यानेही बंदिवासातून फिलिप्पै शहरातल्या मंडळीला पत्र लिहिलं ते ओळखीच्या माणसांना, त्यांच्या नावानिशी.

प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस एकत्र घेण्याचा विधी, फोनवर कसा करायचा, हा प्रश्न तेवढा आमच्याकडे सुटला नाही. आम्ही थांबलो.