शेतीशाळा चर्चच्या आवारात भरवा, पण पद्धतीची श्रद्धा करू नका

विनानांगरट शेतीच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणाचा दुसरा दिवस. चर्चमागच्या तुकड्यात दोरी ताणलेली, तिला ठरावीक अंतरावर बाटल्यांची बुचं बांधलेली. बूच दिसलं की त्याच्याखाली कुदळ मारायची. टेप नको, हिशेब नको, लिहिता-वाचता येण्याची अट नाही. ही युक्ती मला अजूनही फार आवडते. खड्डे झाल्यावर प्रशिक्षकांनी गेल्या हंगामाची मक्याची ताटं आणि पालापाचोळा वर पसरला आणि म्हणाले, "हे देवाचं पांघरूण. जंगल कोण नांगरतं? पानं पडतात, तिथेच कुजतात." सगळ्यांनी माना डोलावल्या. मागे बसलेल्या एका आजींनी विचारलं, "मग गाईला काय घालू?"

प्रशिक्षक हसले, "देव पुरवेल" म्हणाले आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले.

तो प्रश्न माझ्या डोक्यातून काही केल्या जात नाही, म्हणून ही लांबलचक पोस्ट. आधीच सांगतो, मी चर्चला जाणारा माणूस आहे. अशा प्रशिक्षणांत दोरीचं एक टोक धरून बऱ्याचदा उभा राहिलोय. तेव्हा बाहेरून दगड मारतोय असं कुणी समजू नये.

चर्चने शेती शिकवावी का? माझ्या मते जरूर शिकवावी. प्रकल्प तीन वर्षांत गुंडाळतात, अधिकाऱ्याची बदली होते, चर्चचा पाळक, म्हणजे धर्मगुरू, मात्र दर रविवारी तिथेच असतो आणि बऱ्याचदा स्वतःही शेती करतो. दुसरं म्हणजे शेतीच्या बैठकीला पुरुष येतात आणि निंदणी बायका करतात, हा सगळीकडचाच घोळ. उपासनेला मात्र बायका असतात, पुढच्या रांगेत असतात. ज्यांचे हात मातीत, त्यांच्याच कानावर गोष्ट पडते. अशी जागा शेतीखात्याला पैसे मोजूनही मिळणार नाही.

आता या 'पांघरुणा'ची गोष्ट. झिम्बाब्वेचे ब्रायन ओल्डरीव्ह मूळचे तंबाखूचे शेतकरी. श्रद्धेपोटी त्यांनी तंबाखू सोडला. पुढे एका मोठ्या शेतीचा कारभार बघत असताना 1984 मध्ये त्यांनी विनानांगरट मका करून पाहिला. नांगर बंद, ताटं जाळायची नाहीत, जमीन झाकायची, खत आणि बी नेमक्या जागी टाकायचं. यातूनच चर्चमार्फत आफ्रिकाभर पसरलेली शिकवण तयार झाली. तिची चार सूत्रं अशी: वेळेवर, नीट, नासाडी न करता आणि आनंदाने. यातल्या 'वेळेवर'ला मी सगळ्यात जास्त गुण देतो. बैल किंवा ट्रॅक्टर नसलेला माणूस दुसऱ्याच्या औताची वाट बघत बसतो आणि पेरणीचे चांगले दिवस हातचे जातात. खड्डे पावसाआधीच काढून ठेवले, तर पहिल्या चांगल्या पावसाला बी जमिनीत पडतं. उत्पन्नातला बराचसा फरक इथेच पडतो, बाकीचं नंतर.

2020 च्या हंगामापासून झिम्बाब्वे सरकारने हीच पद्धत 'फुमवुद्झा' या नावाने देशभर नेली. तिचं गणित बघण्यासारखं आहे. 39 मीटर बाय 16 मीटरचा तुकडा, त्यात 52 ओळी, ओळीत 28 खड्डे. एका ओळीचा मका म्हणजे घराचं एका आठवड्याचं धान्य. वर्षाचे आठवडे 52, म्हणून ओळी 52. किलो-हेक्टरची भाषा बाजूला ठेवून 'तुझं घर वर्षभर खाईल' हे जमिनीवर आखून दाखवणं, याला मी खरी शिकवणी म्हणतो.

पण 52 गुणिले 28 म्हणजे 1456 खड्डे होतात. हाताने, कुदळीने, आणि तेही पावसाआधीच्या टणक जमिनीत. तिथल्या शेतकऱ्यांनी या पद्धतीला शोना भाषेत एक टोपणनाव ठेवलंय, 'धिगा उफे'. अर्थ, खण आणि मर. प्रशिक्षणाच्या चकचकीत पुस्तिकेत हे नाव सापडायचं नाही. मला विचाराल तर ते पहिल्या पानावर हवं, कारण पद्धत कुठे दुखते ते त्या दोन शब्दांत आलंय.

दुखण्याच्या जागा आणखीही आहेत. नांगर थांबला की तण वाढतं, तणनाशक परवडत नाही, मग निंदणी दुप्पट आणि ती पुन्हा बायकांच्याच माथी. ताटं कुजताना मातीतला नत्र खातात, त्यामुळे सुरुवातीला पीक पिवळं पडू शकतं. पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत जास्त पाऊस झाला तर त्याच खड्ड्यांत मुळं गुदमरतात. आणि गुरांचा चारा आहेच. ही अभ्यासकांची चर्चा झाली म्हणाल, तर आजींनी ती एका वाक्यात केली होती.

खरी अडचण यापुढची आहे. येशूच्या पेरणाऱ्याच्या दाखल्यात बी चांगलंच असतं. वाट, खडक, काटेरी झुडपं, कमी पडते ती जमीन. चर्चमध्ये वाढलेल्या माणसाच्या मनात हा साचा पक्का बसलेला असतो. त्यात पद्धतीला 'देवाची पद्धत' म्हटलं की पीक फसल्यावर दोष कुणाचा, हे आधीच ठरून जातं. तू आळशी, तू वेळ चुकवलीस, तुझा विश्वास कमी पडला. पुढच्या वर्षीच्या साक्षीच्या वेळी, म्हणजे लोक चर्चमध्ये उभं राहून आपला अनुभव सांगतात तेव्हा, मी हजर होतो. ज्यांचा मका चांगला आला ते एकेक करून उभे राहिले, टाळ्या झाल्या. ज्या तीन घरांचं पीक पिवळं पडलेलं मी स्वतः पाहिलं होतं, त्यांच्यातलं कुणी उठलं नाही. त्यातले एक गृहस्थ तर चपलेने फरशीवरची नसलेली माती उकरत बसले होते. प्रशिक्षकांच्या अहवालात काय गेलं असेल ते सांगायला नको.

याच्या शेजारी मी नेहमी फादर आंरी द लॉलानिए यांना ठेवतो. हे फ्रेंच जेझुइट, म्हणजे एका कॅथलिक धर्मसंघाचे फादर, संघात येण्याआधी शेतीशास्त्र शिकलेले, 1961 मध्ये मादागास्करला गेले. तिथे त्यांनी काही शेतकऱ्यांना भाताचं एकेकच रोप लावताना पाहिलं, काहींना खाचरातलं पाणी मधूनमधून काढताना पाहिलं. ते टिपून ठेवलं. 1983 मध्ये पावसाच्या ओढीमुळे महिनाभर वाढवायची रोपं पंधराव्या दिवशीच लावावी लागली आणि फुटवे बघून सगळे चकित झाले. कोवळं रोप, एकेक, ऐसपैस अंतरावर, सतत पाणी तुंबवायचं नाही. ही एसआरआय (सिस्टिम ऑफ राइस इंटेन्सिफिकेशन, म्हणजे सघन भातलागवड) पद्धत पुढे भारतासह कित्येक देशांत गेली. तिच्या उत्पन्नाच्या मोठ्या आकड्यांवर शास्त्रज्ञांनी कडक टीका केली, वाद झाले, आणि ते होऊ शकले, कारण फादरनी तिला देवाचं नाव दिलेलं नव्हतं. नाव होतं भात वाढवण्याच्या एका रीतीचं. तिच्यात चूक काढली म्हणून कुणाची श्रद्धा डळमळत नव्हती.

प्रार्थनेने वर्ग सुरू करायला माझी अजिबात हरकत नाही. मीही डोळे मिटतो. फक्त साक्षीच्या वेळी पहिला मान फसलेल्या पिकाला द्या. उंबरठ्याशी उभं राहून फुकट बी-खताची पोती वाटणं थांबवा, नाहीतर लोक पोत्यासाठी खड्डे खणतात आणि पोती थांबली की खड्डे बुजतात. पाळकाने स्वतःच्या शेतात अर्धा भाग जुन्या रीतीने, अर्धा नव्या रीतीने करावा आणि दोन्हीकडचं धान्य सगळ्यांसमोर मोजावं. नवीन हरलं तरी मोजावं.

आजींनी काय केलं ते सांगायचं राहिलं. त्यांनी घरामागच्या सहा ओळींवरच ताटं पसरली आणि बाकीची गाईला घातली. मी गेलो तेव्हा त्या सहा ओळींमध्ये शेणखत टाकत होत्या. म्हणाल्या, "पांघरूण गाईच्या पोटातून आलं, एवढंच."