खाडी एकदा तपासली की झालं? त्या फॉरवर्डला मुळशीमार्गे उत्तर

गेले आठ-दहा दिवस एक फॉरवर्ड फिरतोय, आधी आमच्या सिंहगड रोडच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग कॉलेजच्या ग्रुपवर, आणि काल मामेबहिणीने नाशिकहून मलाच पाठवला, "तू यातलाच ना, खरंय का रे हे?" म्हणून. मजकूर थोडक्यात असा: "कोकणातल्या खाड्यांचं पाणी १०-१० वर्षं मोजत बसायचे प्लॅन म्हणजे जनतेच्या पैशाची उधळपट्टी. चांगल्या लॅबकडून एकदा पावसाळ्याआधी नि एकदा नंतर तपासणी केली की पुरे. भरती दिवसातून दोनदा येऊन घाण धुवून नेतेच. शिवाय आता सॅटेलाइट आहेत, माणसं कशाला पाठवायची? आणि खाडी मोजायची तर डोंगरात, धरणापाशी यंत्रं कशासाठी? १० वर्षांनी रिपोर्ट येणार ‘विशेष फरक नाही’. पुणेकरांनो, जागे व्हा!"

पुणेकरांना उठवलंच आहे तर उत्तरही इथूनच जाऊ दे. मी तीन वर्षं एका खाडीच्या प्रोजेक्टवर डेटाचं काम केलंय, संस्थेचं नाव सांगत नाही कारण पुढे जे सांगणार आहे त्यात आमचीच फजिती आहे.

तर पहिला मुद्दा, वर्षातून दोनदा तपासलं की पुरे. आम्ही दोनदा नाही, दर दुसऱ्या मंगळवारी जायचो, सकाळी ११ ला जेट्टीवर, मंगळवारच का तर गाडी मंगळवारी मोकळी असायची म्हणून. डिसेंबर ते एप्रिल खारेपणाचा ग्राफ असा काही सुंदर वर चढत गेला की सगळे खूश, समुद्राचं पाणी आत घुसतंय, रिपोर्टचं शीर्षकसुद्धा ठरलं. मग एक दिवस मी प्रत्येक फेरीचे फोटो एका फोल्डरमध्ये टाकत होतो तर लक्षात आलं की डिसेंबरच्या फोटोत जेट्टीच्या ९ पायऱ्या दिसतायत, चिखल लागलेल्या, शेवटची तर शेवाळाने हिरवीगार, आणि एप्रिलच्या फोटोत जेमतेम २. म्हणजे डिसेंबरात आम्ही ओहोटीला पोचत होतो आणि एप्रिलमध्ये भरतीला! हिशेब सोपा आहे. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते आणि दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं असतात, त्यामुळे १४ दिवसांनी त्याच घड्याळी वेळेला गेलात तर समुद्र जवळजवळ त्याच जागी सापडतो, फक्त ३८-३९ मिनिटं पुढे सरकलेला. दहा फेऱ्यांत, म्हणजे साडेचार महिन्यांत, ती मिनिटं साठून साठून भांगाच्या (म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, कमी चढ-उताराच्या) ओहोटीची उधाणाची (म्हणजे पौर्णिमा-अमावस्येची, मोठी) भरती होते, आणि कागदावर दिसतं की खारेपणा वाढतोय. उन्हाळ्यात नदीचं पाणी कमी होऊन खारेपणा खरोखरही वाढतो, त्यामुळे त्या ग्राफमधलं किती खरं आणि किती मंगळवारचं, हे आजतागायत कुणाला वेगळं काढता आलेलं नाही. पाच महिन्यांचा डेटा गेला. कोकणातली कुठलीही आजी सांगेल की तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ मिळते, चतुर्थीला ३ ला, अष्टमीला ६ ला. आमच्याकडे दोन पीएचडी होते, पंचांग नव्हतं.

आता दर पंधरवड्याला जाऊन ही गत, तर वर्षातून दोनदा जाऊन काय कळणार सांगा. आणि हा फक्त खारेपणा झाला. पाण्यातला ऑक्सिजन दुपारी जास्त असतो कारण शेवाळ आणि पाण्यातल्या वनस्पती उन्हात तो तयार करत असतात, रात्रभर सगळे जीव तो वापरतात आणि पहाटे तो सर्वात कमी होतो. मासे गुदमरतात ते पहाटे, आणि लॅबची माणसं पोचतात मिसळ खाऊन ११ ला, बाटली भरतात, ऑक्सिजन एकदम ठीक. अमेरिकेत किनाऱ्यावरच्या राखीव खाड्यांचं एक सरकारी जाळं आहे, तिथे १९९५ पासून मोजमाप चालू आहे, आता दर १५ मिनिटांनी तापमान, खारेपणा, ऑक्सिजन, पीएच, गढूळपणा आणि पाण्याची पातळी मोजतात, २४ तास, बारा महिने. हौस म्हणून नाही मोजत.

आणि पाऊस! नदी वर्षभरात जी माती खाली आणते त्यातली बरीचशी पुराच्या मोजक्या दिवसांत येते. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा वाशिष्ठीकाठी बाटली घेऊन कोण उभं राहणार होतं? "पावसाळ्याआधी" आणि "पावसाळ्यानंतर" या दोन तपासण्यांच्या मधोमधच तर सगळं घडतं.

दुसरा मुद्दा, भरती धुवून नेते. हे ऐकायला इतकं पटतं ना की मलाही आधी तसंच वाटायचं. पण भरती म्हणजे बादलीने अंगण धुणं नव्हे हो, ओहोटीला जे पाणी खाली गेलं त्यातलं बरंचसं सहा तासांनी पुन्हा वर येतं, उन्हाळ्यात नदीचा जोर नसला की खाडीच्या वरच्या टोकाचं पाणी दिवसेंदिवस तिथेच वर-खाली झोके घेत राहतं. आणि मातीचं तर उलटंच असतं. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की आई तुरटी फिरवायची आठवतं? मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून खाली बसायचे. खाडीत तेच काम मीठ करतं. गोड्या पाण्यातून तरंगत आलेली चिकणमाती खाऱ्या पाण्याला भेटली की तिचे गोळे होतात आणि तळाला बसतात, आणि जड धातू, कीटकनाशकं असलं बरंच काही त्याच मातीला चिकटून आलेलं असतं. म्हणजे वरचं पाणी बाटलीत स्वच्छ दिसतं आणि घाण खाली चिखलात मुरते, त्याच चिखलात तिसऱ्या (शिंपल्या), कालवं, निवटी, खेकडे. त्यामुळे पाण्याबरोबर गाळाचा नमुनासुद्धा घ्यायचा असतो, दरवर्षी, त्याच जागेवरून.

सॅटेलाइटचं म्हणाल तर मी त्याच्या विरुद्ध अजिबात नाही, कांदळवन किती वाढलं-घटलं हे बघायला त्याच्याइतकं स्वस्त आणि चांगलं काही नाही, लँडसॅटचे फोटो १९७२ पासूनचे आहेत. पण तो वरून पाण्याचा पृष्ठभाग बघतो, तळाचा ऑक्सिजन त्याला दिसत नाही, आणि जून ते सप्टेंबर कोकणावर ढगांची गोधडी असते तेव्हा साधा कॅमेरा आंधळाच. ढगांतून बघणारे रडारवाले सॅटेलाइट आहेत पण ते पाण्याचा रंग सांगत नाहीत. अजून एक गंमत आहे जी फॉरवर्डवाल्यांना नक्की माहीत नसणार. सेंटिनेल-२ सारखे सॅटेलाइट एका जागेवरून ठरलेल्या वेळीच जातात, आपल्याकडे साधारण ११ च्या सुमाराला. आता वरचं आजीचं गणित लावा, पौर्णिमा-अमावस्येला आपल्या किनाऱ्यावर भरती दुपारी बाराच्या आगेमागे, म्हणजे उधाणाच्या दिवशी सॅटेलाइट येतो तेव्हा पाणी चढलेलंच असतं, आणि उधाणाची मोठी ओहोटी, जेव्हा खाडीचा सगळा चिखल उघडा पडतो आणि बायका तिसऱ्या वेचायला उतरतात, ती सकाळी ६ नि संध्याकाळी ६ च्या आसपास. ती त्याला कधी दिसतच नाही. त्याचाही मंगळवारच आहे.

चौथा मुद्दा मात्र मला लागला, कारण तो पुण्यातून लिहिलाय. खाडीसाठी डोंगरात, धरणापाशी यंत्रं कशाला? अहो, एकदा रविवारी ताम्हिणीमार्गे रेवदंड्याला जाऊन बघा. पौडच्या पुढे डाव्या-उजव्या हाताला जे पाणी दिसत राहतं तो मुळशीचा तलाव, मुळा नदीवर टाटांनी बांधलेला, ज्याच्या विरोधात सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला. हीच मुळा पुढे संगमावर मुठेला भेटते, तिथून भीमा, उजनी, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला. पण धरणात अडलेलं पाणी बोगद्यातून घाटाखाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात सोडतात, १९२७ पासून, आणि तिथून ते कुंडलिका नदीत पडतं. कोलाडला जे राफ्टिंग करता ना, उन्हाळ्यातसुद्धा सकाळी नदीला पाणी असतं म्हणून, ते हेच पाणी. मग धाटावची एमआयडीसी, रोहा, आणि शेवटी रेवदंड्याची खाडी, पलीकडे कोर्लईचा किल्ला. म्हणजे तुम्ही ताम्हिणी उतरता तेव्हा तुमच्याबरोबर मुळाही उतरत असते.

आता विचार करा, बाकीच्या छोट्या नद्या एप्रिल-मेमध्ये आटतात आणि खाडी आतवर खारट होते, पण कुंडलिकेत मात्र वीज बनवायची म्हणून भर उन्हाळ्यात गोडं पाणी येत राहतं. विजेची मागणी किती, मशीन किती वाजता चालू केलं, यावर खाली खाडीत खारेपणाची रेघ कुठे असणार हे बरंचसं ठरतं. चिपळूणलाही तेच, कोयनेचं पाणी वीज करून वाशिष्ठीत उतरतं. खाडीच्या तोंडाशी कितीही भारी सेन्सर लावा, वर पाणी कधी आणि किती सुटलं हे माहीत नसेल तर आलेल्या आकड्याचा अर्थ काय लावणार, हा बदल चंद्राचा, पावसाचा, धाटावचा की मुळशीचा? आणि टाटांच्या धरणांचं पाणी पूर्वेला, आपल्याकडे वळवा ही मागणी पुण्यात अधूनमधून होतेच. उद्या समजा वळवलं, थोडं किंवा सगळं. रोह्याचा माणूस म्हणेल खाडी खारट झाली, जिताडा मासा मिळेनासा झाला, आपण म्हणू पुरावा दाखवा. पुरावा आज मोजायला घेतला तर असेल, वळवल्यानंतर मागे जाऊन आजचं पाणी कसं मोजणार?

शेवटचा मुद्दा, १० वर्षांनी फरक नाही असं निघेल. निघू दे की! पुण्यात हे बोलायचं म्हणजे कमाल आहे, शिवाजीनगरला सिमला ऑफिस आहे, १९२८ साली हवामान खातं इथे आलं, रोज पाऊस मोजतात, म्हणून तर "सरासरीपेक्षा १० टक्के कमी" हे वाक्य पेपरात छापता येतं. खाडीची सरासरीच कुणाला माहीत नाही. आणि १० वर्षं तशी कमीच आहेत. चंद्राच्या कक्षेचं १८.६ वर्षांचं एक चक्र असतं, त्यात भरत्या थोड्या मोठ्या होत जातात मग थोड्या लहान, त्यामुळे ५-७ वर्षांचा तुकडा बघून समुद्र चढला की उतरला हे बोलताना जपून. चेसापीक बे म्हणून अमेरिकेत एक प्रचंड खाडी आहे, सहा राज्यांतलं पाणी तिच्यात येतं, १९८४ पासून तिथे सलग मोजमाप चालू आहे. तिथे दिसून आलं की शेतात खत कमी टाकलं तरी नायट्रोजन लगेच कमी होत नाही, कारण तो भूजलातून हळूहळू झिरपत येतो, काही ठिकाणी १० वर्षांहून जास्त लागतात. तीन वर्षांनी मोजणं बंद केलं असतं तर "उपाय फसला" असं लिहून मोकळे झाले असते.

एका गोष्टीत फॉरवर्ड बरोबर आहे हे कबूल करतो, पैसे वाया जातात. पण जास्त दिवस मोजल्यामुळे नाही जात. लाखांचा सेन्सर घ्यायला पैसे असतात, दर पंधरा दिवसांनी तो पाण्याबाहेर काढून घासायला माणूस ठेवायला नसतात, आणि आपल्या कोमट पाण्यात दोन-तीन आठवड्यांत त्यावर शेवाळाचा बुळबुळीत थर आणि बारीक शिंपले बसतात, मग तो खाडीचा ऑक्सिजन न मोजता स्वतःच्या अंगावरच्या शेवाळाचा मोजतो. आमचा एक सेन्सर असा सव्वा महिना खोटं बोलत होता. दुसरं, लॅब बदलली की पद्धत बदलते, जुन्या लॅबला जे सापडायचंच नाही ते नव्या मशीनला सापडतं आणि एक्सेलमध्ये कुणीतरी "आढळले नाही" च्या जागी शून्य टाकलेलं असतं, झाला प्रदूषणाचा स्फोट! जुनी नि नवी पद्धत वर्षभर बरोबरीने चालवायची असते, हे प्लॅनमध्ये पहिल्या दिवशी लिहावं लागतं, नंतर कुणी पैसे देत नाही.

मामेबहिणीने विचारलं मग किती ठिकाणी मोजायचं. कुंडलिकेपुरतं बोलायचं तर मुळशीचा पाऊस, भिऱ्याला सुटलेलं पाणी, कोलाड, रोह्याच्या खाली एक आणि रेवदंड्याच्या पुलापाशी एक, पाच जागा, पण त्याच पाच, वीस वर्षं, आणि डेटा दर महिन्याला सगळ्यांना बघता येईल असा. गाडी मंगळवारीच मिळणार असेल तर मिळू दे, निदान पंचांग बघून निघा.