तोकित्सुकाझे तालीम, भाऊजी आणि तीन अंगठे

काल रात्री भाऊजींनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज ढकलला. 'जपानच्या तोकित्सुकाझे सुमो तालमीत आजही गुरुकुल! दीड हजार वर्षांची परंपरा, फक्त अस्सल जपानी मुलं, वस्तादाचा मार खाऊनच महाबली घडतात. पोरगा पळून आला तर त्याच पावली परत पाठवा!' खाली भाऊजींचे तीन अंगठे. भाचा पंधरा वर्षांचा, यंदाच इथल्या तालमीत राहायला गेलाय. म्हणून हा खटाटोप.

गुरुकुल म्हणायचं तर म्हणा. खालच्या दर्जाची पोरं पहाटे उपाशीपोटी आखाड्यात उतरतात, सगळ्यांचं चांको, म्हणजे मल्लांचं रस्सेदार जेवण, रांधतात, वरच्यांचं झाल्यावर जेवतात. वरच्या दोन श्रेणींत पोचेपर्यंत पगार नाही.

दीड हजार वर्षं? सुमो जुना असेल, ही तालीम नाही. ती फुताबायामाने १९४१ मध्ये काढली. सलग ६९ कुस्त्या मारणारा हा योकोझुना, म्हणजे सर्वोच्च दर्जाचा मल्ल, उजव्या डोळ्याने लहानपणापासून अधू होता. मेसेजवाल्याला एवढी गोष्ट आयती मिळाली असती, पण वाचतो कोण!

अस्सल जपानी? तोकितेन्कू मंगोलियाचा, याच तालमीतला, कोमुसुबी या वरून चौथ्या दर्जापर्यंत चढलेला. पुढे.

आता मार. जून २००७. नागोयाच्या स्पर्धेसाठी तालमीचा मुक्काम इनुयामाला होता. निगाताहून नुकताच आलेला सतरा वर्षांचा पोरगा पळाला. त्याला धरून परत आणलं. वस्तादाने बिअरची बाटली त्याच्या डोक्यात घातली आणि मग त्याला थोरल्या मल्लांच्या हवाली केलं. दुसऱ्या दिवशी धडका मारायचा सराव, एरवी काही मिनिटांचा, तो अर्धा तास चालवला. वर धातूच्या बॅटचे फटके. पोरगा गेला. पोलिसांनी आधी हृदयविकार म्हणून हात झटकले. आईबापांनी अंगावरचे वळ पाहिले आणि निगाता विद्यापीठात शवविच्छेदन करून घेतलं, तेव्हा खरं बाहेर आलं.

'हा नेहमीचाच सराव' हा बचाव नागोयाच्या न्यायालयाने मानला नाही. मे २००९ मध्ये वस्तादाला सहा वर्षांची शिक्षा झाली, अपिलात ती पाच झाली. त्याआधीच सुमो संघटनेने त्याला हाकललं होतं. मेसेजमधलं 'गुरुकुल' ते हेच, भाऊजी. नाव तरी निराळ्या तालमीचं घालायचं.

सुमोत असल्या मारहाणीला 'कावाइगारी' म्हणतात, शब्दशः लाड करणं. हसू नका, आपल्याकडे त्यालाच 'प्रसाद' म्हणतात.

आणि माराशिवाय मल्ल घडत नाहीत म्हणणाऱ्यांनी शोदाई हा मल्ल बघावा. त्या प्रकरणानंतर सात वर्षांनी तो याच तालमीत आला, तोही कृषी विद्यापीठात कुस्ती शिकून. २०२० मध्ये त्याने अजिंक्यपद मारलं आणि तो ओझेकी झाला, म्हणजे योकोझुनाच्या फक्त एक पायरी खाली.

भाऊजी, तो मेसेज सकाळच्या आत काढा. ग्रुपवर भाचाही आहे. त्याच्या नावापुढे दोन निळ्या खुणा तुमच्या फोनवर दिसत असतील आणि अजून तो एक अक्षर बोललेला नाही.